अणूच्या गाडीभोवती रांगोळी

प्रवास करून आलेल्या बाईला आमच्या तलवाड्यात पहिला प्रश्न विचारतात, "देव कसा होता?" आणि दुसरा, "जेवण कसं होतं?" मी बीडपलीकडच्या मांजरसुंब्याहून परत आले तेव्हा मलाही दोन्ही विचारले. देव नव्हता, अणू होता. जेवण नव्हतं, उपास होता. तरी असा प्रवास माझ्या अडुसष्ट वर्षांत झाला नाही. आमच्या आळीतून अणूचा कचरा बघायला दुसरं कुणी गेलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. मी शाळेत गेलेले नाही. लेकरांच्या पाटीवर त्यांच्यासोबत अक्षरं गिरवली आणि शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता जुने पेपर वाचायला शिकले. तेव्हा कुठं चुकलं तर टाका उसवला म्हणून सोडून द्या.

तलवाडा, अष्टमी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वैजू मुंबईला सरकारी तपासनीस आहे. काय तपासते, ते मला दोन वर्षं कळत नव्हतं. मी लोकांना "एक्सरेत आहे" असं सांगायचे. नवरात्रात अष्टमीला संध्याकाळी ती माझ्या दारात उतरली. खांद्यावर कपड्यांची पिशवी आणि हातात काळी पेटी, नव्या नवरीचे दागिने असल्यासारखी छातीशी धरलेली.

चहा पिता पिता तिनं सांगितलं. एका मोठ्या दवाखान्यात कॅन्सरवर उपचार करायचं जुनं यंत्र होतं. त्याच्या पोटातला कोबाल्ट म्हातारा झाला. आता तो शिशाच्या जाड पिंपात बंद करून, ट्रकवर घालून, अणूचा कचरा पुरायच्या सरकारी जागी चाललाय. ट्रक उद्या मांजरसुंब्याला थांबणार आणि वैजू तिथं तो तपासणार.

"म्हातारा झाला तर मग त्याची एवढी भीती कावून?" मी विचारलं.

"मावशी, जोर ओसरलाय, मेला नाही. म्हातारपणीच जास्त सांभाळावं लागतं."

"म्हणजे माझ्यासारखंच."

"तुझ्याभोवती शिसं नाही, एवढाच फरक."

पेटीत दोन मीटर होते. एकाला मूठभर रुंदीचं गोल जाळीदार तोंड, दुसरा टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा जाड. तिनं गोल तोंडाचा मीटर चालू करून भिंतीजवळ धरला. टक... टक टक... टक. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आमच्या भिंतीत काय निघालं! वैजू हसली. म्हणाली, जमिनीतून, विटांतून, आभाळातून थोडे थोडे किरण कायमच येत असतात. हे यंत्र ते ऐकतं. "जगात कुठंही ने, टकटक येणारच. ज्या दिवशी एकदम गप्प झालं, त्या दिवशी समजायचं की यंत्रच मेलं."

मग तिनं विचारलं, जुन्या गॅसबत्तीची जाळी आहे का घरात? आहे तर! माझ्या लग्नाच्या वरातीतल्या बत्तीची एक न वापरलेली जाळी मी पाकिटासकट ट्रंकेत जपून ठेवलेली. ती मीटरसमोर धरली आणि यंत्र असं तडतडलं की कढईत मोहरी टाकावी. जुन्या जाळीत म्हणे थोरियम नावाचं काहीतरी असायचं.

"म्हणजे माझ्या वरातीत अणू नाचला?"

"नाचला. पण घाबरू नको, तू ती खाल्ली नाहीस ना?"

जाळी तिनं हौसेनं मागून घेतली आणि पाकिटासकट पेटीत ठेवली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "मावशी, उद्याची माझी पहिलीच एकटीची तपासणी. आतापर्यंत साहेब सोबत असायचे. उद्याच्या अहवालावरच मला कायम करायचं का नाही ते ठरणार."

बस्स. पोरगी एकटी अणूच्या गाडीपुढं उभी राहणार आणि मी घरी भगर ढवळत बसू? मी म्हटलं, मी येणार. तिनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी ठरलं की मी धाब्यावर बसायचं, ट्रकजवळ यायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही.

आता ध्यानात ठेवा, ती "ट्रकला" असं म्हणाली नव्हती, "कशाला" असं म्हणाली होती. ते मला पुढं कळलं.

तलवाडा, खंडेनवमी, सकाळ

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. विळा, कुऱ्हाड, पाभर, ज्याचं पोट ज्याच्यावर ते. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला एक दिवस सुट्टी. मी माझी शिलाई मशीन पुजली, कात्री पुजली. वैजूनं उठल्या उठल्या दोन्ही मीटर चालवून बघितले, ठणठणीत आहेत म्हणाली आणि अंघोळीला गेली. पेटी उघडीच राहिली.

मी बघितलं. म्हटलं, ही हिची हत्यारं. वर्षाचा सण, पहिलीच एकटीची तपासणी आणि लेकराला धावपळीत पूजेचं भान नाही. आपण थोरल्यांनी नाही करायचं तर कुणी करायचं?

गोल तोंडाच्या मीटरचं कपाळ कुठलं, हे शोधावं लागलं नाही. जाळीदार तोंड समोरच होतं. बोट ओलं करून हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू जाळीवर बसेना म्हणून अंगठ्यानं जरा दाबलं. आत काहीतरी पापड मोडल्यासारखं वाजलं. मला वाटलं, प्रसन्न झालं. एकाला लावलं आणि दुसऱ्याला नाही, असं नको; एकीला साडी आणि एकीला नुसता खण, असं मी कधी केलं नाही. त्यालाही हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. जरा जास्तच शिंपडलं गेलं. मग पदरानं दोन्ही स्वच्छ पुसले, वैजूला उगाच लाज वाटायला नको म्हणून, आणि पेटी बंद केली.

गेवराईवरून पालीच्या घाटापर्यंत

भाड्याची गाडी गफूरभाईंची. गेवराईचा माणूस, पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल. रस्त्याला सगळीकडं पहिल्या वेचणीचा कापूस पांढराधोप फुटलेला, तुरी कमरेएवढ्या. दर दोन मैलांवर ट्रॅक्टर धुऊन, गळ्यात झेंडूच्या माळा घालून उभे. वैजू कागदं वाचत होती आणि मी तिला एकेक ट्रॅक्टर दाखवत होते. "बघ, ह्यानं पण पूजा केली. बघ, ह्यानं पण." ती "हं" म्हणत होती. माझ्या मनात किती समाधान होतं, काय सांगू!

गफूरभाईंनी विचारलं, "मॅडम, वो ट्रक फुटला तर?"

वैजू म्हणाली, ते पिंप उंचावरून आपटून, आगीत जाळून तपासलेलं असतं, तसं फुटत नाही.

"फिर तपासते कायको?"

"कोणी तपासत नाही असं कळलं ना गफूरभाई, की मग फुटतं."

बीडच्या पुढं पालीचा घाट लागला. डोंगर अजून हिरवे होते. घाट चढला की मांजरसुंबा. तिथं चहूकडचे रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी रबडी मिळते. रबडी उपासाला चालते. हा या गावाचा मोठेपणा.

मांजरसुंबा

ट्रक नानासाहेबांच्या धाब्याबाहेर मोकळ्या जागेत उभा होता. नानासाहेब म्हणजे माजी सरपंच, पांढरे कपडे, बोलताना दोन्ही हात हवेत. पिंप ट्रकवर साखळ्यांनी जखडलेलं, आमच्या घरच्या कणगीएवढं. त्यावर तीन पात्यांचं पिवळं-काळं चित्र. धाब्यावरची माणसं म्हणत होती की पंख्याच्या कंपनीची गाडी आहे.

ट्रकचा ड्रायव्हर दिगंबर केजचा. त्यानं सणाचं म्हणून लिंबू-मिरची बांधली होती, ती नेमकी त्या चित्रावर.

"हे काढा," वैजू म्हणाली. "धोक्याची खूण झाकली जाते."

"ताई, ते पण धोक्यासाठीच हाय की!"

"तुमच्या धोक्याचं बंपरवर बांधा. ही खूण दिसलीच पाहिजे."

त्यानं काढलं. माझा ऊर भरून आला. पोरगी काय बोलते! मी धाब्याच्या बाजेवर रबडीचा द्रोण घेऊन बसले होते. तिनं पिंपावरच्या सिलाचा नंबर कागदाशी ताडून बघितला, साखळ्या ओढून बघितल्या, दिगंबरला विचारलं, गाडी उलटली तर पहिलं काय करशील? तो म्हणाला, "आईला हाक मारीन." मग कागदात बघून बरोबर उत्तर दिलं. दोन्ही उत्तरं तिनं लिहून घेतली.

आणि मग तिनं पेटी उघडली.

गोल तोंडाचा मीटर पिंपाजवळ नेला. गप्प. बटण दाबलं, पुन्हा धरला. काटा शून्यावर.

"शून्य!" नानासाहेबांनी हात वर केले. "बघा रे, शून्य! काय बी न्हाई. उगा भीती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला चमचा मात्र द्रोणातच राहिला. काल संध्याकाळी माझ्या नुसत्या भिंतीपाशी टकटक करणारा, आज शिशाच्या पिंपापाशी गप्प कावून? वैजूचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं पाकिटातली माझ्या वरातीची जाळी काढून समोर धरली. तरी गप्प.

मग तिनं दुसरा मीटर चालू केला. आणि अरे देवा! तो असा बोंबलायला लागला की धाब्यामागचं कुत्रं सुद्धा ओरडायला लागलं. आकडे भराभरा वर. माणसं पळाली. बाजा उलटल्या. एकजण पळता पळता परत आला, राहिलेली भजी उचलली आणि पुन्हा पळाला. नानासाहेब रस्त्यापलीकडं उभे राहून ओरडत होते, "गाडी हलवा! माझ्या धाब्यावरून हलवा बे!"

गफूरभाई तेवढे माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "मावशी, एक गूंगा, एक पागल. दोनो को रातोरात क्या हुआ?"

रातोरात नाही, सकाळी झालं होतं. आणि मला ते माहीत होतं.

मी खरं सांगते, एक क्षण वाटलं, गप्प बसावं. यंत्रं काय, बिघडतातच. पण रस्त्यापलीकडं कुणीतरी फोनवर सांगत होतं, "फुटलं, मांजरसुंब्याला अणू फुटला," आणि एक बाई लेकराच्या तोंडावर पदर धरून रडत होती. मी द्रोण ठेवला आणि उठले.

"वैजू, ते पिंपामुळं बोंबलत न्हाई. मी पुजलंय त्याला."

"काय?"

"खंडेनवमी हाय ना. हळद-कुंकू लावलं. पाणी शिंपडलं. दोन्हीला."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिची आई लहानपणी माझ्याकडून बाहुलीचा हात मोडल्यावर बघायची, तसंच. मग बोंबलता मीटर घेऊन पार शंभर पावलं लांब, बाभळीखाली गेली. तिथंही तो तेवढाच बोंबलत होता. तिथून तिनं हात करून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "यंत्र ओलं झालंय! ट्रक ठीक आहे!" दिगंबरनं ट्रकमधला त्यांचा स्वतःचा मीटर काढून पिंपाजवळ धरून दाखवला. तो शांतपणे, शहाण्यासारखा टकटकत होता. लोक हळूहळू परत आले. पहिले आले ते भजीवाले.

आता दिगंबर म्हणाला, "मग ताई, आमच्याच मीटरचा आकडा घ्या आन् सही करा. दसऱ्याच्या आत पोचतो."

"ज्याची परीक्षा, त्याचीच वही बघून मार्क द्यायचे?"

नानासाहेब म्हणाले, "म्याडम, तुमच्या मीटरनं पहिलं शून्य सांगितलंच ना? तेच लिवा. पुढं जाऊ द्या. पुढचं गाव बघून घेईल."

वैजूनं त्यांच्याकडं बघितलं. "नानासाहेब, पुढच्या गावातसुद्धा कुणाची तरी मावशी असणार."

तिनं फोन लावला. छत्रपती संभाजीनगरहून दुसरा मीटर घेऊन माणूस निघणार, तीन-साडेतीन तास लागणार. तोवर ट्रक जागचा हलणार नाही आणि कुणी जवळ जाणार नाही. फोन ठेवल्यावर ती ट्रकच्या सावलीपासून लांब एका दगडावर बसली. डोळ्यात पाणी नव्हतं, पण असायला हरकत नव्हती. मी जवळ गेले.

"तुझी नोकरी गेली का गं?"

"माहीत नाही, मावशी. अहवालात बिघाडाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. त्यात काय लिहू?"



मांजरसुंबा, दुपार

ट्रकभोवती वैजूनं पिवळी दोरी बांधली. दहा मिनिटांत दोरीच्या आत सात माणसं. एक फोटो काढत होता, एक पिंपाला वाजवून बघायला निघाला होता. वैजू एकाला बाहेर काढी, दुसऱ्या बाजूनं दोघं आत. आमच्या माणसाला दोरी दाखवली की पहिला विचार येतो, आत काय असंल?

नानासाहेबांच्या गल्ल्यापाशी पूजा मांडलेली होती. रांगोळीचा डबा भरलेला दिसला. मी विचारलं, "नानासाहेब, डबा घेऊ का?" ते म्हणाले, "न्या, तुमचंच राज्य हाय आज." मी वाकले आणि दोरीच्या बाहेरून रांगोळीची रेघ ओढत निघाले. प्रत्येक चार पावलांवर एक स्वस्तिक, त्यावर हळद-कुंकू. कंबर मोडली, पण ओढली.

तुम्ही सांगा, नवमीच्या दिवशी हळद-कुंकवाची रांगोळी तुडवून कोण आत जाईल? एकही माणूस आत आला नाही. फोटोवाला रांगोळीपाशी थांबला, चप्पल काढली, नमस्कार केला आणि परत गेला.

रांगोळी मात्र पाऊण वेढ्यात संपली. उरलेला तुकडा मी धाब्यावरच्या ज्वारीच्या पिठानं पुरा केला. तेवढ्यात एक धनगर मेंढरं घेऊन रस्त्यानं आला. मेंढरं सरळ माझ्या पिठावर! चाटून पुसून लख्ख केलं आणि दोन कोकरं ट्रकखाली. मी काठी घेऊन धावले.

"दादा, मेंढरं आवरा! रांगोळी हाय ती!"

धनगर शांतपणे म्हणाला, "आक्का, मेंढरं रांगोळी वळखत न्हाईत. पीठ वळखत्यात." पण शीळ घालून त्यानं दोन्ही कोकरं बाहेर काढली. मग जिथं पीठ होतं तिथं स्वतः काठीवर हनुवटी टेकवून साडेतीनपर्यंत उभा राहिला. कुणी आलं की म्हणे, "मागं व्हा. आक्काची रांगोळी हाय." त्याला मी रबडी दिली. त्यानं द्रोणसुद्धा चाटला, हे मेंढरांना बघवलं नाही.

वैजू मधूनमधून माझ्याकडं बघत होती. एकदा म्हणाली, "मावशी, मी पाच वर्षं शिकले ना, लोकांना लांब कसं ठेवायचं. त्यात हे नव्हतं."

साडेतीनला गाडी आली. नवा मीटर पेटीतून निघाला. माझे दोन्ही हात आपोआप पुढं झाले, नुसतं बघायला. वैजू न बघताच म्हणाली, "मावशी, हात मागं." मी हात पदराखाली घेतले.

नवा मीटर शहाणा निघाला. पिंपापाशी, चार हातांवर, ड्रायव्हरच्या सीटवर, सगळीकडचे आकडे कागदातल्यासारखेच. वैजूनं सही केली. दिगंबरनं लिंबू-मिरची बंपरवर बांधली, मला नमस्कार केला आणि ट्रक रांगोळीवरून हळूच निघून गेला. मला वाटलं, जा बाबा, नीट पुरून घे स्वतःला.

परतीची वाट

गाडीत बसल्यावर वैजू अहवाल लिहीत होती. बिघाडाच्या रकान्यापाशी हात थांबला. म्हणाली, "'ओलावा' एवढंच लिहिलं तरी खोटं नाही."

मी म्हटलं, "खोटं न्हाई, पण खरं पण न्हाई. दे इकडं." आणि मी माझा जबाब वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिला. 'मी तलवाड्याची राहणारी. दिनांक खंडेनवमी. भाची अंघोळीला गेली असता मी दोन्ही मीटर पुजले. एकाला अंगठा जोरात लागला. चूक माझी. पोरीनं शून्य लिहायला सगळे सांगत असताना शून्य लिहिलं नाही, हे मी समक्ष बघितलं.' खाली सही. वैजूनं वाचलं, नीट घडी घालून अहवालात ठेवलं आणि खिडकीकडं तोंड केलं. गफूरभाई म्हणाले, "मावशी, मेरे को भी विटनेस लिखो." त्यांची पण सही घेतली.

दसऱ्याला आपट्याची पानं देताना तिच्या फोनवर साहेबांचा फोन आला. ती बाहेर गेली. मी दारामागं उभी राहिले, कान लावला नाही असं म्हणणार नाही. आत आली तेव्हा हसत होती की रडत, ते कळेना.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शून्य लिहिलं असतंस तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि म्हणाले, मावशीचा जबाब फाइलला लावलाय."

दिवाळीनंतर वैजूचं पाकीट आलं. आत दोन कागद. एक तिच्या कायम झाल्याच्या पत्राची नक्कल. दुसरा सगळ्या तपासनीसांना गेलेल्या सूचनांचा कागद. त्यात सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: 'सणाच्या दिवशी उपकरणांची पूजा करावयाची झाल्यास पेटी बंद ठेवून, पेटीची बाहेरून करावी.'

तो कागद मी देवघरात ठेवलाय. त्याला हळद-कुंकू लावलं. कागदाला चालतं, मी आधी फोन करून विचारून घेतलं.